अमेरिकी ‘कम्फर्ट फूड’: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मॅकरोनी अँड चीज, तळलेले चिकन, बटरमिल्क बिस्किटे, कॉर्नब्रेड, चिली आणि भोपळ्याचा पाय ही अमेरिकी ‘कम्फर्ट फूड’ची ठळक नावे. हे पदार्थ स्वतः करून शिकण्याच्या कार्यशाळा अमेरिकेबाहेरही भरतात. तिथे पदार्थ बिघडला की दोष बहुधा करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. प्रत्यक्षात फसवणूक आधीच झालेली असते, ती पाकिटावरच्या नावात आणि मापाच्या कपात.

हे सगळे डब्यातले, कारखान्यातले खाणे असल्याचा समज फार पसरलेला आहे. मॅकरोनी-चीजचा इतिहास पाहिला तरी तो टिकत नाही. मॅकरोनीच्या नळ्या आणि चीज एकत्र शिजवण्याची कृती इंग्लंडमधल्या एलिझाबेथ रॅफल्ड यांच्या १७६९ च्या पुस्तकात आहे. थॉमस जेफरसन यांचा गुलाम असलेला जेम्स हेमिंग्ज पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकला आणि १७८९ मध्ये व्हर्जिनियाला परतला. अमेरिकेत हा पदार्थ रुळण्यात त्याच्यासारख्या कृष्णवर्णीय आचाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्यांची नावे मात्र पाकपुस्तकांत क्वचितच आली. व्हर्जिनियातल्याच मेरी रँडॉल्फ यांनी १८२४ च्या पुस्तकात मॅकरोनीची कृती दिली. क्राफ्ट कंपनीचा खोका बाजारात आला तो १९३७ मध्ये, मंदीच्या काळात, चौघांचे जेवण १९ सेंटांत अशा जाहिरातीसह. म्हणजे खोका पदार्थापेक्षा दीडशेहून अधिक वर्षांनी धाकटा आहे.

अमेरिकी चीज म्हणजे प्लास्टिक, हा टोमणाही असाच. प्रोसेस्ड चीज खऱ्या चीजपासूनच करतात. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातले की चीजमधल्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवणारे कॅल्शियम सुटते, प्रथिने मोकळी होऊन चरबीला सामावून घेतात आणि वितळताना तेल वेगळे होत नाही. गंमत म्हणजे ही युक्तीही मुळात अमेरिकी नाही. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती वापरली गेली; जेम्स क्राफ्ट यांचे पेटंट १९१६ चे. भारतात घरोघरी असणारे अमूलचे चीज याच जातीचे. साधे चेडार वापरायचे असेल तर लोणी-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये, आच बंद केल्यावर ते थोडे थोडे मिसळावे. उकळत्या सॉसमध्ये टाकले की प्रथिनांच्या गुठळ्या होतात. तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून पिष्ट लावलेले असते, तेव्हा किसणे घरीच बरे.

कप हे माप जगभर एकच असते, हा समज सर्वांत महाग पडतो. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०. ऑस्ट्रेलियाचा मोठा चमचा २० मिलिलिटरचा, अमेरिकेचा जेमतेम १५. अमेरिकी पिंट ४७३ मिलिलिटर, ब्रिटिश ५६८. कृतीत ‘लोण्याची एक स्टिक’ असेल तर ते ११३ ग्रॅम. सपाट कप-चमच्यांची शिस्त १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांच्या बॉस्टनच्या पुस्तकाने अमेरिकेत रुजवली, पण शिस्तीलाही मर्यादा आहे. एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम भरतो, कप पिठात खुपसून दाबून भरला तर १५० च्या आसपास. वजनकाटा असेल तर हा प्रश्नच उरत नाही. अमेरिकी कृतीतले ओव्हनचे ३५० अंश फॅरनहाइटचे असतात, सेल्सियसमध्ये १७७.

नावांचा घोळ मक्यापाशी कळस गाठतो. ब्रिटन आणि भारतात कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचे पांढरेशुभ्र पिष्ट, सूप दाट करायचे. त्याचा कॉर्नब्रेड होत नाही. कॉर्नब्रेडला मक्याचा पिवळा रवाळ भरडा लागतो. इटालियन पोलेंटाचा बारीक भरडा चालतो, भाकरीचे मक्याचे पीठही चालते, फक्त पोत मऊ येतो. मक्यात ग्लुटेन नसल्याने बांधणी अंड्यावर असते. कॉर्नब्रेड गोड हवा की नको, यावर अमेरिकेतच एकमत नाही: दक्षिणेत बहुधा साखर घालत नाहीत, उत्तरेत घालतात.

चिली पावडरचेही तेच. अमेरिकी डबीत मिरचीबरोबर जिरे, ओरेगानो आणि लसूण असतो. कृतीत दोन मोठे चमचे चिली पावडर लिहिली म्हणून तेवढे आपले तिखट घातले, तर चिली हा पदार्थ खाण्याजोगा राहणार नाही.

अमेरिकी बिस्किट हा चहाबरोबरचा कुरकुरीत प्रकार नसून मऊ, पदर सुटणारा छोटा पाव आहे. पोळीच्या सवयीने कणीक तिंबणाऱ्यांना इथे हात आवरावा लागतो, कारण जितके मळावे तितके ग्लुटेन ताणले जाते आणि बिस्किट चिवट होते. थंड लोण्याचे तुकडे पिठात तसेच राहू द्यायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, पाण्याची वाफ होते आणि पदर सुटतात. पीठ कमी प्रथिनांच्या मऊ गव्हाचे हवे. जर्मनीत ४०५ क्रमांकाचे पीठ घ्यावे. पावाचे कडक पीठ टाळावे.

बटरमिल्क म्हणजे ताक, हे भाषांतर इथे अर्धेच खरे. अमेरिकेत विकले जाणारे बटरमिल्क दुधाला विरजण लावून केलेले, दाट असते. पाणीदार ताकाने पीठ सैल पडते. दही फेटून थोड्या दुधाने सैल केले की काम भागते. दुधात व्हिनेगर घालून आंबटपणा मिळतो, दाटपणा नाही. आंबटपणा मात्र हवाच: खाण्याचा सोडा आम्लाशी मिळाला तरच पुरेसा कर्बवायू सोडतो. म्हणून गोड दूध आणि नुसता सोडा घेतला तर बिस्किटे बसतात आणि साबणासारखी लागतात.

तळलेल्या चिकनबद्दल दोन गोष्टी. तेल धुरावेपर्यंत तापवल्याने कुरकुरीतपणा येत नाही. बाहेरून करपते, हाडाशी कच्चे राहते. सुमारे १७५ अंश सेल्सियसवर थोडे थोडे तुकडे तळावेत आणि आतले तापमान ७४ अंश सेल्सियस झाल्याचे थर्मामीटरने पाहावे. कच्चे चिकन नळाखाली धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. अमेरिकेचे कृषी खातेही धुऊ नका असेच सांगते.

भोपळ्याचा पाय डबाबंद गरावाचून होत नाही, असेही मानले जाते. अमेरिकेतला लिबीज कंपनीचा प्रसिद्ध गर डिकिन्सन जातीच्या भोपळ्याचा असतो. ही जात कुकुर्बिटा मोस्काटा या प्रजातीतली. आपला लाल भोपळाही बहुतांशी त्याच प्रजातीतला. तो भाजून, गर गाळून, पाणी निथळून घेतला की डब्याची गरज नाही.

राहिले नावातले ‘कम्फर्ट’. या अन्नाने खिन्न मन हमखास सावरते, या समजाची परीक्षा मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी घेतली. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खिन्न करणारी चित्रफीत दाखवल्यावर काहींना त्यांचे लाडके कम्फर्ट फूड दिले, काहींना दुसरे काही, काहींना काहीच नाही. थोड्या वेळाने सगळ्यांचीच मनःस्थिती सुधारली, आणि जवळपास सारखीच.