जुन्या पीसीचा मेंदू बदलताना...

नवा लॅपटॉप घ्यायला पैसे नाहीत आणि रूमवरचा डेस्कटॉप रडतोय. मग ‘प्रोसेसर बदल’, ‘ओव्हरक्लॉक कर’ असे सल्ले फुकट मिळतात. खरंच एवढं सोपं असतं का ते? आणि तेही आपल्या संभाजीनगरच्या उन्हाळ्यात?

फायनल इयरचा प्रोजेक्ट. चौघांचा ग्रुप. लॅपटॉप एकाकडेच, तोही अर्धा वेळ त्याच्या बहिणीकडे. उरला टीव्ही सेंटरजवळच्या आमच्या रूमवरचा डेस्कटॉप. मित्राच्या गावातलं सायबर कॅफे बंद पडलं, तेव्हा त्याच्या मामाने उचलून आणलेला. पेंटियम जी २०२० प्रोसेसर, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क. सिनेमे बघायला ठीक होता.

आमचा विषय होता कापसाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणं. उबुंटू टाकलं, टेन्सरफ्लो इन्स्टॉल केलं. प्रोग्रॅम सुरू केला की स्क्रीनवर एकच ओळ यायची आणि खेळ खलास. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. पुन्हा इन्स्टॉल केलं. परत तेच. पाच-सहा वेळा तेच. रिव्ह्यू दहा दिवसांवर आलेला.

कारण कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. टेन्सरफ्लोच्या तयार मिळणाऱ्या आवृत्त्यांना २०१८ पासून ‘एव्हीएक्स’ नावाच्या सूचना समजणारा प्रोसेसर लागतो. एका दमात बऱ्याच आकड्यांवर हिशेब करण्याच्या या सूचना. इंटेलने त्या २०११ मध्ये कोअर आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हनमध्ये आणल्या. पण त्याच पिढीच्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये दिल्या नाहीत. म्हणजे आमचा पीसी नुसता हळू नव्हता, त्याला ती भाषाच येत नव्हती. प्रोसेसर बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

आधी आजार ओळखा

आमची केस तशी वेगळी. बहुतेकांचा पीसी हळू असतो तो प्रोसेसरमुळे नाही. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. पीसी अडकलेला असताना तिथे बघा. सीपीयू ३० टक्के आणि डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर बिचाऱ्या प्रोसेसरला का बोल लावताय? तो रिकामा बसून हार्डडिस्कची वाट बघतोय.

हार्डडिस्क म्हणजे शेवटी फिरणारी तबकडी. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे आठ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. शिवाय सुई हलायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फाइल्स वाचते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ही वाट बघणं जवळजवळ संपतं.

एच ६१ चिपसेटच्या जुन्या बोर्डवर साटा पोर्ट जुन्या वेगाचे असतात, सेकंदाला ३०० एमबीच्या वर जात नाहीत. तरीही फरक डोळ्यांना दिसतो. तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा, दुसरा रॅमचा. चार जीबीत आजचं ब्राउझरच मावत नाही. प्रोसेसरचा नंबर तिसरा.

‘बोर्ड कोणता?’

आम्ही मात्र थेट दुकानात गेलो. ‘‘काका, तिसऱ्या जनरेशनचा आय-सेव्हन मिळेल का? सेकंडहँड चालेल.’’

काकांनी मान वर न करताच विचारलं, ‘‘बोर्ड कोणता?’’

चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. कुणीच बघितलं नव्हतं. रूमवर परत, कॅबिनेटचं झाकण उघडलं, बोर्डवर छापलेलं नाव वाचलं, फोटो काढला आणि पुन्हा दुकान.

प्रोसेसर बदलण्यातला सगळा खेळ या एका प्रश्नात आहे. इंटेलची दुसरी आणि तिसरी पिढी ११५५ पिनांच्या सॉकेटमध्ये बसते. चौथ्या पिढीला ११५० लागतं. खरी फसगत पुढे आहे. सहावी-सातवी आणि आठवी-नववी या चारही पिढ्यांच्या सॉकेटचं नाव ११५१. पिना तेवढ्याच. पण सहाव्या पिढीच्या एच ११० बोर्डवर आठव्या पिढीचा आय-फाइव्ह बसवला, तर पीसी चालूच होत नाही. नाव सारखं म्हणून घेतलं आणि पैसे अडकले, असं व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण बायोसची. एच ६१ चे सुरुवातीचे बोर्ड दुसऱ्या पिढीसाठी आले होते. त्यावर तिसऱ्या पिढीची चिप बसवायची तर आधी जुन्या चिपवरच बायोस अपडेट करावं लागतं. ते चालू असताना लाइट गेली, तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. लाइट कधी जाईल याचा भरवसा आपल्याकडे कुणी द्यावा? यूपीएस नसेल तर हा उद्योग करू नका. आमचं नशीब एवढंच, की जी २०२० हा स्वतःच तिसऱ्या पिढीचा. बायोस तयारच होतं.

एएमडीवाले या बाबतीत सुखी. त्यांचं एएम ४ सॉकेट बरीच वर्षं टिकलं. २०१७ च्या सुमाराचे कित्येक बोर्डसुद्धा बोर्ड कंपनीने नवं बायोस दिलं असेल, तर रायझन ५००० मालिकेची चिप चालवतात.

आम्ही आय-सेव्हन ३७७० घेतला. दोन कोअरच्या जागी चार कोअर, आठ थ्रेड. सोबत एक एसएसडी आणि जास्तीची रॅम. सगळा खर्च एकाच्या दोन महिन्यांच्या मेसइतका, तो चौघांत वाटला.

टक् असा आवाज

जुना कूलर काढला. खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ती पुसली, नवा प्रोसेसर खाचा बघून अलगद ठेवला, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, कूलर दाबला, पीसी चालू. टाळ्या!

दहाच मिनिटांत पीसी आपोआप बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तापमान बघितलं, ९८ अंश. ‘‘गंडवलं आपल्याला,’’ एक जण म्हणाला. कॅबिनेट गाडीवर मांडीत घेऊन तणतणत दुकान गाठलं. काकांनी झाकण उघडलं, कूलरच्या एका कोपऱ्यावर अंगठा दाबला. टक् असा आवाज आला.

‘‘चार पिना असतात. तीनच बसवल्यात तुम्ही,’’ काका म्हणाले. त्यांनी कूलर काढून पेस्ट पुन्हा लावून दिली. पैसे घेतले नाहीत. आम्हीही मग गुपचूप बाहेर आलो.

कूलरचा एक कोपरा उचललेला असला, तर चिप आणि धातू यांच्यात हवेची फट राहते. हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. एवढ्याशा फटीने चांगली चिप आजारी वाटते. वाळलेली पेस्ट आणि पंख्यात अडकलेली धूळ हेच करतात, फक्त हळूहळू. गरम झालेला प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. म्हणून कधीकधी नुसती साफसफाई आणि नवी पेस्ट एवढ्यानेच पीसी पुन्हा पळायला लागतो.

आता ओव्हरक्लॉक?

पीसी चालू झाल्यावर आमच्यातल्या एकाला जोर चढला. ‘‘३.४ गिगाहर्ट्‌झचा आहे ना? चार-साडेचारवर नेऊ!’’

पूर्वी हे सहज जमायचं. १९९८ चा सेलेरॉन ३००ए आठवणीत राहिला तो त्यासाठीच. त्याचा वेग म्हणजे ६६ मेगाहर्ट्‌झची बस गुणिले साडेचार, म्हणजे ३००. लोकांनी बस १०० वर नेली आणि स्वस्तातली चिप ४५० वर पळवली. त्या पिढीतल्या मुलांनी बायोसमधला एक आकडा बदलून महागड्या चिपचा वेग मिळवला.

२०११ पासून इंटेलने हा दरवाजा जवळपास बंद केला. आता पायाचा वेग १०० मेगाहर्ट्‌झ, त्याला गुणक ३४, म्हणजे ३.४ गिगाहर्ट्‌झ. तो १०० चा आकडा बाकी बोर्डाशीही बांधलेला, चार-पाच टक्क्यांपलीकडे हलवला तर सगळंच डळमळतं. गुणक हवा तसा बदलता येतो तो मुख्यतः नावापुढे ‘के’ असलेल्या चिपवर, तोही पी किंवा झेड मालिकेच्या बोर्डवर. आमची चिप साधी, बोर्ड एच ६१. विषय तिथेच संपला. ऑफिसातून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप घेतले, तर त्यांच्या बायोसमध्ये हा पर्याय सहसा नसतोच. रायझनचे गुणक मोकळे असतात, पण ए ३२० बोर्ड असेल तर तिथेही कुलूप.

डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास

पण समजा, तुमच्याकडे ‘के’ चिप आणि योग्य बोर्ड आहे. तरी एक गणित करून बघा. प्रोसेसर किती वीज खातो आणि तापतो, हे ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग यावर ठरतं. वेग २० टक्के वाढवला आणि चिप अडखळू नये म्हणून व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे जवळपास १.४५. काम फार तर २० टक्के जास्त, उष्णता मात्र ४५ टक्के जास्त.

आता यात आपलं शहर घाला. पंख्याचा कूलर चिपला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. पूर्ण कामावर चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम राहते असं धरा. डिसेंबरात खोली २० अंश, चिप ७०. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश, चिप ९०. ओव्हरक्लॉक केलं की त्या ५० चे ७२ होतात. डिसेंबरात ९२, कसंबसं चालेल. मे महिन्यात ११२, म्हणजे चालणारच नाही. शंभरच्या आसपास चिप स्वतःच वेग खाली आणते किंवा पीसी बंद पडतो. वेग वाढवायला गेलात आणि पीसी आधीपेक्षा हळू झाला!

एखाद्या थंड देशातल्या व्हिडिओत ‘स्टेबल’ दाखवलेला आकडा इथे चालेलच असं नाही, तो यामुळे. आणि हो, उपाय म्हणून खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटकडे वळवू नका. तो थंडाव्यासोबत दमटपणा आणि कधी कधी पाण्याचे थेंबही फेकतो.

मग मिळालं काय?

आमचं मॉडेल रात्रभर चाललं आणि सकाळी तयार झालं. रिव्ह्यू पार पडला. पण हेही खरं, की हा पीसी आता कायमचा नवा झालेला नाही. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. आमचा तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन त्या यादीत नाही. उबुंटूवर तो अजून दोन-तीन वर्षं काम देईल, एवढंच.

तेवढंच हवं होतं. घरी फोन करून लॅपटॉपसाठी पैसे मागायची वेळ आली नाही. यंदा कापसाला काय भाव मिळाला, हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

परवा ज्युनियर विचारायला आला, ‘‘दादा, माझा पीसी हळू चालतो. प्रोसेसर बदलू का?’’

मान वर न करताच तोंडातून निघालं, ‘‘बोर्ड कोणता?’’

खिशात हात घालण्याआधी

* टास्क मॅनेजर बघा. डिस्क अडलीये, रॅम की प्रोसेसर?
* बोर्डचं नाव लिहून घ्या. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. यादीत नसलेली चिप घेऊ नका.
* सेकंडहँड चिप दुकानातच लावून, तापमान बघून घ्या.
* एसएमपीएस तपासा. जुन्या पीसीत प्रोसेसरपेक्षा तोच आधी दगा देतो.
* प्रोसेसर हाताळताना कडेने धरा. इंटेलच्या या बोर्डांवर पिना सॉकेटमध्ये असतात. एक वाकली तरी बोर्ड जातो.
* कूलरच्या चारही पिना टक् वाजेपर्यंत दाबा.
* ओव्हरक्लॉक करायचंच असेल, तर एका वेळी एकच पायरी वाढवा आणि चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्या.