तालुक्याच्या बाजारपेठेतील गाळा आणि भाडे कायदा

भाड्याच्या उत्पन्नासाठी तालुक्याच्या गावात गाळा घेणाऱ्याने प्रथम तेथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे का, हे तपासावे. कारण लागू असल्यास किरकोळ दुकानदार भाडेकरूला या कायद्याचे संरक्षण मिळते, परंतु कलम 3 नुसार बँका, सार्वजनिक उपक्रम आणि 1 कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल, म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम, असणाऱ्या कंपन्यांना ते मिळत नाही. म्हणूनच बँकेची शाखा हा मालकाच्या दृष्टीने अधिक निर्धोक भाडेकरू होय. कलम 55 प्रमाणे भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे. ती टाळल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटीच ग्राह्य धरल्या जातात.