खिडकीतल्या कुंडीत लिंबाचा दरवळ

बीड, प्रतिनिधी - उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार, यावर जेथे घराघरांतील दिवसाचे वेळापत्रक ठरते, तेथे नवे रोप लावण्याचा सल्ला देणे तसे धाडसाचेच. मात्र रोप योग्य महिन्यात लावले, तर हिवाळ्यात दिवसाआड फुलपात्रभर पाण्यावर ते खिडकीत सुखाने वाढते. ‘लेमन बाम’ हे त्यांपैकीच एक.

नावात ‘बाम’ असला, तरी डोकेदुखीच्या मलमाशी या वनस्पतीचा संबंध नाही. ती तुळस आणि पुदिन्याच्या कुळातली. पाने पुदिन्यासारखीच दातेरी आणि सुरकुतलेली. पण चुरगळली, की लिंबाचा वास येतो. मूळची ती भूमध्य सागराभोवतालच्या प्रदेशातली आणि पश्चिम आशियातली. शास्त्रीय नाव ‘मेलिसा ऑफिसिनॅलिस’. ग्रीक भाषेत मेलिसा म्हणजे मधमाशी. हिच्या फुलांवर मधमाश्या हमखास येतात. युनानी वैद्यकात ती ‘बादरंजबूया’ या नावाने परिचित आहे.

हा गंध आपल्याला नवा नाही. गवती चहाला ज्या ‘सिट्रल’ या द्रव्यामुळे वास येतो, तेच या पानांतही असते. फरक आहे तो स्वभावात. गवती चहा कडक ऊन सोसतो; लेमन बामला गारवा मानवतो. एप्रिल-मे महिन्यांत बीडचा पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा त्याची पाने करपतात. त्यामुळे आपल्याकडे त्याचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच.

लागवडीसाठी तळाला छिद्र असलेली आठ इंची कुंडी पुरेशी होते. येथील काळी माती एकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळे कुजतात आणि वाळली, की तिला भेगा पडतात. माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे. बी अगदी बारीक असते. उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो, म्हणून ते पुरू नये; ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात. कोणाकडे रोप असेल, तर पुदिन्याप्रमाणे त्याची फांदी पाण्यात ठेवूनही मुळे फुटतात.

कुंडी सकाळचे कोवळे ऊन येणाऱ्या पूर्वेकडच्या खिडकीत ठेवावी. बोट मातीत खुपसून पाहावे आणि वरचा थर कोरडा लागला, तरच पाणी द्यावे. तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी चालते. साबणाचे मात्र नको. मातीवर वाळलेला पाला किंवा उसाचे पाचट पसरले, तर ओल टिकते. शेंडे खुडत राहिल्यास रोप दाट होते.

पानांचा चहा करताना ती उकळू नयेत, कारण त्यांतील सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. कपभर गरम पाण्यात आठ-दहा ताजी पाने टाकून पाच ते दहा मिनिटे झाकण ठेवावे. ताक, सरबत, कोशिंबीर यांतही ती चांगली लागतात. वाळवल्यावर गंध बराच कमी होतो, म्हणूनच हे रोप हाताशी, खिडकीत हवे. मनाला शांतता देणारी वनस्पती म्हणून तिचा वापर जुना आहे. तथापि थायरॉइडची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न उरतो उन्हाळ्याचा. मार्च संपताना फांद्या बुंध्यापासून बोटभर ठेवून छाटाव्यात आणि कुंडी घरात, सावलीत पण उजेडाच्या जागी हलवावी. पाने कमी, तशी पाण्याची गरजही कमी. पावसाळ्यात नवे फुटवे येतात. २०१६ सारखा दुष्काळ पुन्हा पडलाच, तर रोप गेल्याचे दुःख करू नये. पिण्याच्या पाण्याचा मान पहिला. मूठभर बी तेवढे कोरड्या डबीत जपावे. ऑक्टोबर पुन्हा येतोच.