कारागिराचा हात आणि आवाजाचा इलाज

कारागिराची सारी दौलत म्हणजे त्याचा हात. जरीकाम करणाऱ्या उस्तादाचा हात कापू लागला की सुई ओवत नाही, कपातला चहा सांडतो आणि हळूहळू रोजी बंद होते. कापडाच्या धंद्यात असे उस्ताद आम्ही पाहिले आहेत. लोक म्हणतात, वय झाले, नाहीतर नजर लागली. पण पुष्कळदा हा मेंदूचा आजार असतो. डॉक्टर त्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. यात हात काम करताना कापतो, स्वस्थ ठेवला की बहुधा थांबतो. पार्किन्सनचा आजार वेगळा.

यावर आधी गोळ्या देतात. गोळ्यांनी गुण आला नाही तर आता अल्ट्रासाऊंडचा इलाजही आहे. सोनोग्राफीत वापरतात तोच, कानाला ऐकू न येणारा आवाज. भिंगाने ऊन एका जागी गोळा केले की कागद जळतो, हे आपण लहानपणी पाहिलेच आहे. तसेच डोक्यावर बसवलेल्या टोपातील १०२४ लहान भागांतून निघालेल्या लहरी मेंदूतील एका बारीक बिंदूवर एकत्र येतात. तो बिंदू तापून निकामी होतो आणि कंप कमी होतो. चिरफाड नाही. रुग्ण एमआरआय यंत्रात जागाच असतो. डोक्याचे केस मात्र काढावे लागतात.

अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २०१६ साली याला मंजुरी दिली. त्याच वर्षी ७६ रुग्णांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. खरा इलाज मिळालेल्या ५६ जणांच्या हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी ४७ टक्के कमी झाला. काहींना मात्र बधिरपणा आला, काहींचा चालताना तोल जाऊ लागला, आणि थोड्यांना हा त्रास वर्षानंतरही राहिला. म्हणजे नफ्याबरोबर तोट्याचाही हिशेब पाहावा.

मेंदूला न जाळता मंद लहरींनी चेतवण्याचे प्रयोगही चालू आहेत. अमेरिकेत माकडांच्या मेंदूतील रक्तप्रवाह अल्ट्रासाऊंडने पाहून ते कोणती हालचाल करणार हे संशोधकांनी ओळखले. पण त्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागला होता. म्हणून कोणी "डोक्याला लावा, अक्कल वाढेल" म्हणून घरगुती यंत्र विकायला आला, तर खिशात हात घालू नका.

हात कापत असेल तर लपवू नका. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने उस्ताद गप्प बसतात आणि वर्षे वाया जातात. आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. शिफा अल्लाहच्या हाती आहे, पण दाखवणे आपल्या हाती आहे.