बाळाचा श्वास

आम्ही डॉक्टर नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. आमचे आयुष्य नाक्यावरचे मजूर, गवंडी आणि बिगारी यांची संघटना बांधण्यात गेले. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. असा मनुष्य तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांविषयी बोलावयास का उभा राहतो, असे कोणी विचारील. त्याला एक रात्र कारण आहे.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली जात होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. पत्र्याच्या वस्तीतून एक बाई चार महिन्यांचे मूल घेऊन रात्री आमच्या कचेरीत आली. म्हणाली, "भाऊ, लेकराची बरगडी उडायलीय." दिवसा तिने मूल एका दवाखान्यात दाखवले होते, सर्दीचे औषध देऊन तिला परत पाठवण्यात आले होते. आम्हीही दिव्याखाली पाहिले आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "सर्दीच आहे, सकाळी पाहू." सकाळी मूल निळसर पडले होते. इस्पितळात नेले, तेव्हा तेथील डॉक्टरीणबाईंनी आधी नळी लावली नाही की सुई टोचली नाही. त्यांनी दुपटे बाजूला केले, हातातले घड्याळ पाहिले आणि मिनिटभर मुलाचे पोट पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "अडुसष्ट. न्युमोनिया आहे. हे मोजायला डॉक्टर लागत नाही हो." मूल आठ दिवस प्राणवायूवर राहून वाचले. परंतु ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. संघटनेच्या हिशेबात आम्ही हजेरीचे दिवस मोजले, थकलेली मजुरी मोजली. कधी एका लेकराचा श्वास मोजला नव्हता.

तेव्हापासून आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत आलो. त्यातले जे समजले ते येथे मांडतो.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे हवेने नव्हे, तर द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू त्याला वारेतून, आईच्या रक्ताकडून मिळतो. जन्माच्या घटकेला हा सारा कारभार काही मिनिटांत बदलावा लागतो. द्रव शोषला जातो, पहिल्या रडण्याबरोबर हवा आत शिरते, आणि जे रक्त आजवर फुप्फुसांना वळसा घालून जात होते ते त्यांच्यातून वाहू लागते. बाळ जन्मताच रडले म्हणजे आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, तो याचसाठी.

पण हवा आत गेली एवढ्याने भागत नाही. श्वास सोडल्यावर फुप्फुसातली बारीक हवाकोष्ठे मिटता कामा नयेत. काचेची दोन तावदाने ओली करून एकावर एक ठेवली तर ती चिकटतात आणि ओढून सुटत नाहीत, हे काचकाम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ओल्या हवाकोष्ठांचेही तसेच होईल. परंतु निसर्गाने त्यांच्या आतून साबणाच्या फेसासारखा एक स्निग्ध थर दिलेला असतो, आणि त्यामुळे ती उघडी राहतात. हा थर गर्भाच्या सुमारे 24 व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो आणि पुरेसा व्हायला 35 वा आठवडा उजाडतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा असतो. ते कण्हते, नाकपुड्या फुलवते आणि अखेर थकते.

हे कोडे 1959 साली अमेरिकेत मेरी एलेन एव्हरी या डॉक्टरीणबाईंनी जेरी मीड यांच्यासह सोडवले. ज्ञान झाले तरी इलाज लगेच हाती येत नाही. 1963 च्या ऑगस्टात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा सुमारे साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्ताधीशाला तेव्हा जे मिळू शकले नाही, ते आज आपल्याकडील जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात मजुराच्या बाळाला मिळू शकते, ही या शास्त्राची कमाई होय. 1971 मध्ये ग्रेगरी यांनी बाळाच्या श्वासनलिकेवर सतत हलका दाब ठेवून हवाकोष्ठे उघडी राखण्याची युक्ती दाखवली. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी सिद्ध केले की, अकाली प्रसूती होऊ घातलेल्या आईला आधीच ठरावीक इंजेक्शन दिले तर बाळाची फुप्फुसे लवकर पिकतात. 1980 मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला तो स्निग्ध थर थेट बाळाच्या श्वासनलिकेत घालून दाखवला. यांतून आपण घ्यावयाचा बोध साधा आहे: दिवस भरण्यापूर्वी कळा सुरू झाल्या तर घरी वाट पाहू नये. ते इंजेक्शन प्रसूतीपूर्वी पडले तरच उपयोगी.

आता पूर्ण दिवसांच्या मुलाकडे वळू. मोठा मनुष्य मिनिटाला 12 ते 18 श्वास घेतो, नवजात बाळ 40 ते 60. त्याच्या श्वासनलिका काडीसारख्या अरुंद. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा विरोध सोळापट वाढतो. म्हणून ज्या सुजेने आपल्याला नुसता खोकला येतो, तिने तान्हे मूल धापा टाकू लागते. त्याच्या बरगड्याही मऊ. जोर लावून श्वास घेतला की छातीचा खालचा भाग आत खेचला जातो. आपल्या आज्या ज्याला "डबा झाला" किंवा "बरगडी उडते" म्हणत, ते हेच. आज्यांची नजर बरोबर होती. पोटावर बिब्ब्याचे चटके देणे हा इलाज मात्र चूक आणि क्रूर होता.

ही नजर शास्त्राशी जोडण्याचे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेमार्फत काम आरंभले. गावात डॉक्टर नाही, क्ष-किरण नाही. न्युमोनिया ओळखायचा कसा? त्यांनी गावच्या आरोग्यसेवकांना आणि सुइणींना श्वास मोजण्यास शिकवले. सुइणींना दहाच्या पुढे मोजता येईना, म्हणून एक साधे यंत्र केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्युमोनिया समजून औषध द्यायचे. 58 गावांत ही योजना चालली आणि 44 गावे तुलनेसाठी ठेवली. 1990 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गावांत न्युमोनिया झालेल्या शंभर मुलांमागे तेरा-चौदा दगावत होती. जेथे सुइणी आणि सेवक उपचार करीत तेथे शंभरात एकही नाही.

पुढे त्यांनी 39 गावांत नवजात बाळांची घरोघर काळजी घेण्यास बायकांना शिकवले. त्यात जन्मतः न रडणाऱ्या बाळाला मुखवट्यातून हवा देणेही आले. 1999 च्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 2011 पासून आशाताई घरोघर जाऊन बाळ पाहू लागल्या, त्या योजनेचे मूळ येथे आहे. आम्हाला कामगार चळवळीतला मनुष्य म्हणून यात विशेष वाटते ते हे, की ज्यांना कोणी विद्येत गणले नाही त्या हातांनी हे करून दाखवले.

तर मोजावे कसे? मूल शांत असावे. रडत किंवा दूध पीत नसावे. अंगावरचे कपडे वर करून पोटाची हालचाल पाहावी. मोजणी पूर्ण मिनिटाची हवी, कारण तान्ह्या मुलाचा श्वास मध्येच काही क्षण थांबतो. दोन महिन्यांच्या आतील मुलाला मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा अधिक, एक ते पाच वर्षे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर ती साधी सर्दी मानू नये, डॉक्टरला दाखवावे. दोन महिन्यांच्या आतील मूल असेल तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी आणि थेट इस्पितळ गाठावे. छाती आत खेचली जाणे, कण्हणे, ओठ निळे पडणे, दूध न ओढणे, गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजणीतही वेळ दवडू नये. 108 ला फोन करावा.

प्रतिबंधाविषयी थोडेसेच सांगतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध. लसी वेळेवर, न्युमोनियाच्या एका मुख्य जंतूवरील लस 2021 पासून देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळी. नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरते. आणि वडीलधाऱ्या बायकांचा राग पत्करून सांगतो, बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीवर ओवा-शोपा टाकून दिलेली धुरी बाळाच्या छातीला अपाय करते. ऊब हवी असेल तर बाळ आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घ्यावे. त्याहून चांगली शेगडी नाही.

शेवटचा मुद्दा आमच्या गावाचा. जन्मतः बाळाच्या फुप्फुसांत काही कोटी हवाकोष्ठे असतात. मोठेपणी ती 30 ते 50 कोटी होतात. त्यांतली बहुतेक भर पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते आणि फुप्फुसांची वाढ पुढे तारुण्यापर्यंत चालते. दक्षिण कॅलिफोर्नियातील 12 गावांच्या शाळकरी मुलांची फुप्फुसे संशोधकांनी वर्षानुवर्षे मोजली. दूषित हवेच्या गावांतल्या मुलांची वाढ कमी भरली, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तेथील हवा सुधारली तेव्हा नंतरच्या मुलांची फुप्फुसे अधिक वाढलेली आढळली, हे 2015 मध्ये. म्हणजे हवा सुधारली तर पुढच्या पिढीला लाभ होतो.

उलव्याची टेकडी सपाट झाली, 2025 च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. पण इमारतींची कामे चालूच आहेत. दगडाची भुकटी आणि सिमेंट उडते, आणि त्याच कामावर आईच्या शेजारी, वाळूच्या ढिगावर, लेकरू झोपलेले असते. बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यात, जेथे पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली हवी असे लिहिले होते. 2025 च्या नोव्हेंबरात जुने कायदे जाऊन नव्या संहिता आल्या. कायद्याचे नाव बदलले, ढिगावरचे लेकरू तेथेच आहे. ज्या जागी पन्नास भरत नाहीत तेथे काय, हा प्रश्न तर तेव्हाही होता. आमची मागणी मोठी नाही: फोडकाम, कापकाम पाण्याने ओले करून करा, खडी-मातीचे ट्रक झाकून न्या, आणि मुलांना धुळीबाहेर सावलीची खोली द्या.

आपणांपैकी अनेकांनी या गावात घर घेतले आहे. ते ज्या हातांनी बांधले त्यांची मुले आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडेच राहतात. आमच्या संघटनेने प्रत्येक वस्तीत एका बाईला श्वास मोजण्यास शिकवण्याचे काम हाती घेतले आहे. ज्यांना रविवारी दोन तास देता येतील त्यांनी यावे. हातात सेकंदाचा काटा असलेले घड्याळ असले म्हणजे पुरे.