टेलिव्हिजनवरील वीर आणि मुलांचें खेळणें



आजचा विषय मुलांच्या खेळण्यांचा असला, तरी भाषण वडील माणसांसाठीं आहे. टेलिव्हिजनवरील अद्भुत विज्ञानकथा आणि बाजारांतील खेळणें यांची सांगड कशी बसते, व तींत मुलाच्या वांट्याला काय येतें, याचा थोडा विचार आपण करूं.

प्रथम आपल्याकडील उदाहरण घेऊं. १९९७ च्या सप्टेंबरांत दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली व २००५ पर्यंत चालली. मुकेश खन्ना यांनीं रंगविलेला हा वीर योगसाधनेनें सामर्थ्य मिळवी. त्याच्या शत्रूंत एक दुष्ट शास्त्रज्ञही होता. पुढें १९९८ मध्यें केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' ही मालिका आली. तींत मिलिंद सोमण यांचा नायक बाविसाव्या शतकांत ग्रहमालेंतील गुन्हेगारांचा पाठलाग करी. 'शक्तिमान'ला पार्ले-जी बिस्किटांच्या कंपनीनें आश्रय दिला आणि त्या वीराच्या नांवाच्या वस्तु भेट म्हणून वाटल्या. अशा रीतीनें कथा टेलिव्हिजनवर, भेट बिस्किटांबरोबर आणि हट्ट मात्र घरांत, अशी वांटणी झाली.

या सांगडीचें टोक अमेरिकेंत दिसलें. १९८७ मध्यें मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीनें 'कॅप्टन पॉवर' या मालिकेबरोबर खेळण्यांतलीं विमानें विकावयास काढलीं. त्यांची युक्ति अशी. पडद्यावरील शत्रूच्या अंगावर ठराविक गतीनें लुकलुकणारा प्रकाश दाखवीत. विमानांत प्रकाश ओळखणारें लहानसें यंत्र असे. मुलानें नेम धरून घोडा दाबला, म्हणजे तें यंत्र हा लुकलुकाट टिपून गुण देई. उलट, पडद्यावरून शत्रूचा मारा झाला, कीं गुण घटत. आणि ते संपले म्हणजे आंतला बाहुला वैमानिक बाहेर फेकला जाई.

मोठी मौजेची कल्पना! परंतु यांतली खरी गोम लक्षांत घ्या. प्रकाश पडद्याकडून खेळण्याकडे येई. खेळण्याकडून पडद्याकडे कांहींच जात नसे. कथा आधींच चित्रित झालेली. मुलाचा नेम कितीही अचूक असला, तरी शत्रू ठरल्या वेळींच हरणार. मुलाला वाटे, आपण लढतों; वस्तुतः तें ठरलेल्या लढाईच्या तालावर घोडा दाबीत असे. प्रक्षेपण नसेल त्या वेळीं त्याच रीतीनें खेळावयाचें, तर व्हिडिओ कॅसेटी निराळ्या विकत घ्याव्या लागत. मालिका तर २२ भागांनंतर १९८८ मध्यें संपली.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत असलेली सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठीं आजही प्रसिद्ध आहे. तेथील लाकडी आंबा कोणतीच कथा बरोबर आणीत नाहीं. मुलगी त्याचें दुकान मांडते, नैवेद्य करते, उद्यां तोच तिचा चंद्रही होईल. आणि दाम न मोजतां मिळणारी पोफळीची विरी? तिच्यावर धाकट्याला बसवून मोठा भाऊ अंगणभर ओढतो. ती कधीं होडी, कधीं रथ. 'कॅप्टन व्योम' पाहिलेल्या मुलांच्या हातीं ती अंतराळयानही होईल.

म्हणून मालिका वाईट, असें मी म्हणत नाहीं. आकाशांतील ग्रहांविषयीं कुतूहल जागें करणारी कथा मुलाला अवश्य पाहूं द्यावी. तिच्यांतला वीर विकत मागितला, तर एकदम नकारही देऊं नये. मात्र एक परीक्षा करावी: टेलिव्हिजन बंद केल्यावर त्या खेळण्याचें मूल काय करतें? तें स्वतःची नवी गोष्ट रचूं लागलें, तर पैसे कारणीं लागले. खेळणें कोपऱ्यांत टाकून तें पुढच्या भागाची वाट पाहत बसलें, तर आपण खेळणें घेतलें नाहीं, जाहिरातच विकत घेतली, असें समजावें.

कथा मुलाच्या हातीं बीज देते. तें रुजावयास अंगण आणि मोकळा वेळ लागतो. तेवढा देणें आपल्या हातीं आहे.