तीन गोळ्या आणि महिन्यांचा हिशेब

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, जिथे हिवतापाचा फैलाव वर्षभर असतो, तिथे गरोदर स्त्रीला हा आजार झाला तरी पुष्कळदा ताप येत नाही. लहानपणापासून वारंवार झालेल्या संसर्गामुळे अंगी मुरलेली प्रतिकारशक्ती तापाला आवर घालते. परंतु प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम या परजीवीने बाधित झालेल्या तांबड्या पेशी वारेत, म्हणजे आईच्या रक्तातून गर्भाला पोषण पुरवणाऱ्या अवयवात, चिकटून साचत जातात, आणि बोटाच्या थेंबभर रक्तात परजीवी दिसत नसतानाही आईचे रक्त कमी होते व मूल कमी वजनाचे जन्मते. वारेत दडणाऱ्या या परजीवीविरुद्धची प्रतिकारशक्ती गरोदरपणातच घडते, म्हणून पहिलटकरणीला धोका सर्वाधिक.

लक्षणांची वाट पाहण्यात अर्थ नसल्याने येथे चाचणी न करताच ठरावीक अंतराने पूर्ण मात्रा दिली जाते. औषध सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, एका मात्रेत तीन गोळ्या, त्याही एकाच वेळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली केलेल्या शिफारशीनुसार दुसऱ्या तिमाहीपासून, किमान महिन्याच्या अंतराने, निदान तीन मात्रा पोटात जायला हव्यात. गोळ्या स्वस्त आणि जुन्या आहेत, तरीही २०२२ मध्ये आफ्रिकेतील संबंधित देशांत सुमारे ४२ टक्के गरोदर स्त्रियांनाच तिन्ही मात्रा मिळाल्या. बहुसंख्य स्त्रिया एकदा तरी दवाखान्यात जातात. मात्र त्या उशिरा जातात, पुन्हा जाणे अंतरामुळे जमत नाही, आणि गेल्या तर कधी गोळ्याच शिल्लक नसतात.

ही तूट भरून काढण्यासाठी २०१७ ते २०२२ या काळात युनिटएडच्या निधीतून, जपायगो या संस्थेच्या पुढाकाराने, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरिया या देशांत गोळ्या गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती देण्यात आल्या. नायजेरियात एबोनी राज्यातील ओहाउक्वू हा त्यांपैकी एक भाग. स्वयंसेवकाच्या कामात गोळ्या देण्याचा भाग सर्वांत सोपा असतो. खरे कसब त्याआधीच्या विचारपुशीत आहे. पहिल्या तिमाहीत हे औषध देत नाहीत, पण नेमके त्याच काळात अनेक स्त्रिया गरोदरपण उघड करत नाहीत, आणि शेवटच्या पाळीची तारीख नेमकी आठवतेच असे नाही. म्हणून पाळी चुकून किती महिने झाले, पोटात हालचाल जाणवू लागली का, अशा प्रश्नांतून महिन्यांचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो जमत नसेल तर गोळ्या न देता स्त्रीला दवाखान्यात पाठवावे लागते. सल्फा औषधांचे वावडे आहे का, मागची मात्रा केव्हा घेतली, हे विचारावे लागते. एचआयव्हीमुळे को-ट्रायमोक्साझोल चालू असेल तर हे औषध वर्ज्य, कारण दोन्हींत सल्फा आहे. रोजची ५ मिलिग्रॅमची फॉलिक अॅसिडची गोळी औषधाचा परिणाम कमी करते, ०.४ मिलिग्रॅमची करत नाही, त्यामुळे गोळीची ताकदही पाहावी लागते. एवढे झाल्यावर पाणी मागवून तिन्ही गोळ्या डोळ्यांदेखत गिळवल्या जातात. त्यासाठी जेवण झालेले असण्याची गरज नसते. ‘नंतर घेते’ म्हणून ठेवलेल्या गोळ्यांचा भरवसा धरता येत नाही. मग नोंद, पुढची तारीख, आणि प्रत्येक भेटीत दवाखान्यातील तपासणीला जाण्याचा आग्रह.

गोळ्या दारात मिळू लागल्यावर स्त्रिया तपासणीला जाणे सोडतील, ही भीती रास्त होती, कारण रक्तदाब, रक्ताचे प्रमाण आणि गर्भाची वाढ यांची तपासणी स्वयंसेवक करू शकत नाही. ती भीती खरी ठरली नाही. तीन मात्रांचे प्रमाण मात्र चारही देशांत वाढले. मोझांबिकच्या प्रकल्पक्षेत्रात ते सुमारे ३२ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर गेले.

भारतात ही पद्धत वापरली जात नाही. गडचिरोलीत आशा कार्यकर्ती आधी रक्ताची चाचणी करते आणि बाधा आढळल्यावरच उपचाराची वाट धरते. फॅल्सिपॅरमवरील उपचारात हेच सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन आर्टेसुनेटच्या जोडीने वापरले जाते. दोन्हीकडील भार मात्र गावातल्याच माणसांवर आहे, आणि ओहाउक्वूसारख्या ठिकाणी प्रकल्पाचा निधी संपल्यावर त्यांचा भत्ता व गोळ्यांचा पुरवठा सरकारी अंदाजपत्रकात नेमाने धरला गेला नाही, तर चौथ्या महिन्यातली स्त्री पुन्हा दूरच्या दवाखान्यावरच विसंबून राहील.